कोऱ्या कागदावरची सही

नाशिक, पाथर्डी फाटा
१३ जुलै २०२५, रविवार

प्रिय महेश,

आधी 'चि.' लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. ज्याच्याशी सहा वर्षं बोलले नाही, त्याला आशीर्वाद देत सुरुवात करायचा मला काय हक्क?

कामासाठी लिहिते आहे. हे निम्मं खरं आहे, पण निम्म्यापासून सुरुवात करते. आमचं कॉलेज मुलांसाठी राज्यशास्त्राची टिपणवही काढतंय आणि 'संविधानात्मक राजेशाही आणि अध्यक्षीय लोकशाही' हे प्रकरण माझ्याकडे आलंय. मी दोन रकाने आखले. डावीकडे राजा: वंशपरंपरेने आलेला, सगळं त्याच्या नावाने चालतं, पण कारभार पंतप्रधानाचा. तो पंतप्रधान संसदेला उत्तर देणार, आणि विश्वास गेला की घरी जाणार. उजवीकडे अध्यक्ष: मान आणि कारभार दोन्ही एकाच माणसाकडे, लोकांनी ठरावीक मुदतीसाठी निवडलेला, मध्येच सहजी न काढता येणारा. इतकं मी डोळे मिटूनही लिहीन. वीस वर्षं हेच शिकवते आहे.

दरवर्षी निम्मा वर्ग एकच चूक करतो. आपल्याकडे राष्ट्रपती आहेत म्हणून भारताला उजव्या रकान्यात टाकतो. मग मी सांगते की आपली खुर्ची डावीकडच्या घडणीची आहे, फक्त तिच्यावर जन्माने कोणी बसत नाही. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, राजा नसलेली राजेशाहीच की." वर्ग हसला. मीही हसून पुढे गेले. तिला उत्तर द्यायला हवं होतं.

तू अकरा वर्षं राजाच्या देशात राहतोस. पुस्तकात नसलेलं काही सांग. तुमच्या गोदामात आपल्या निफाडच्या पेट्या फोडून द्राक्षं तपासताना राजाचा विषय कधी निघतो का? लोकांना तो आपला वाटतो का?

आई बरी आहे. कान मात्र पार गेले. यंत्र आणलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून तिने डब्यात टाकून दिलं. आता तिला एकाच माणसाचं बोलणं ऐकू येतं, खालच्या मजल्यावरच्या वाल्मीककाकांचं. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. त्यांनी जिन्यातून "सिंधुबाई, चहा झाला का?" विचारलं की आमच्या भांड्यांनाही ऐकू जातं. आई म्हणते, "ह्यो येकटा मानूस तोंड उघडून बोलतो. बाकीची समदी पुटपुटत्यात."

बाग गेणूकडे वाट्याने दिली आहे. मांडव अजून तोच आहे, तुझ्या उंचीला धरून आप्पांनी बांधलेला. बागेतल्या बायांचे हात पोचत नाहीत. पाटावर चढून काम करतात आणि आपल्याला शिव्या देतात.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी समजेन.

ताई


१० ऑगस्ट २०२५

प्रिय महेश,

तुझा मेसेज मिळाला. 'राजाचं इंटरनेटवर मिळेल. आई कशी आहे ते नीट लिही.' दोन वाक्यं आहेत, पण दुसरं मी दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते.

नीट लिहिते. सकाळी गॅलरीत बसते, भाजी निवडते. गुडघे कुरकुरतात. डोळे चांगले आहेत. काल राखीपौर्णिमेला तिने मला विचारलं, "पाठवली का?" मी मान हलवली. ती कोणत्या बाजूला हलवली ते मला सांगता येणार नाही. पाठवली नव्हती. पाकीट आणून ठेवलं होतं, आणि तुझ्या नावापुढे काय लिहावं इथे अडले.

परवा वर्गात राजाच्या संमतीचा भाग शिकवला. विधेयक संसद करते, राजा फक्त सही करतो. नाही म्हणायची सोय कागदावर असली तरी तो म्हणत नाही. हर्षल नावाचा एक मुलगा आहे, बाकाखाली मोबाईल असतो पण कान फळ्याकडे. तो म्हणाला, "मॅडम, वाचतसुद्धा नसेल तो. सरळ सही." सगळे खिदळले. माझ्या हातातला खडू मात्र तिथेच राहिला.

तुला आठवत असेल, आईची सही. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ती तेवढंच शिकली आणि मग खुरपणी आली. 'सिंधु'. धुचा उकार रेघेबाहेर जाऊन परत येतो. एवढ्याशा दोन अक्षरांना तिला पाच मिनिटं लागायची, म्हणून तिने आपली पद्धत काढली होती: हात ताजा असताना, सकाळीच, कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून ठेवायची. मग म्हणायची, "हां, आता वर काय लिव्हायचं ते लिव्ह." आप्पांना ते मान्य नव्हतं. महत्त्वाचं बोलणं कागदावरच झालं पाहिजे असा नियम त्यांनीच घातलेला, पण आधी सही म्हणजे त्यांच्या मते येडेपणा. ते स्वतः शेवटच्या ओळीनंतर सही करायचे आणि म्हणायचे, "मी ठरवलंय. चुकलं तर माझ्या तोंडावर सांगा."

आप्पा उजव्या रकान्यातले होते, असं मला फार दिवस वाटत होतं. पण त्यांना मुदत नव्हती आणि निवडूनही कोणी दिलं नव्हतं, तेव्हा ते बरोबर नाही. एवढंच म्हणते, की त्यांचे शब्द आणि त्यांची सही एकाच माणसाची होती.

ते गेल्यावर घर डाव्या रकान्यात गेलं. मान आईचा, कारभार माझा. माझा संसार मोडून मी परत आले होते. जिथे माझ्या शब्दाला किंमत होती अशी ती एकच जागा उरली होती. तुझा रविवारचा व्हिडिओ कॉल यायचा, आई पडद्याकडे बघून हात हलवायची, आणि बाकी सगळं बोलणं तू माझ्याशी करायचास. "आईचं काय म्हणणं आहे?" मी तिच्या कानाशी ओरडायचे, ती काहीतरी म्हणायची, ते मी तुला सांगायचे. जरा नीटनेटकं करून.

आज इथेच थांबते. थांबायला तसं काही कारण नाही.

ताई


१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

प्रिय महेश,

सप्टेंबरचा तिसरा मंगळवार. तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी तू फोनवर सांगितलं होतंस: सोन्याच्या बग्गीतून राजा येतो आणि संसदेपुढे भाषण वाचतो, रस्त्यावर लोक टोप्या घालून उभे असतात. म्हणून आज कॉलेजातून आल्यावर साडेचारला मी मोबाईलवर ते लावलं आणि आईला जवळ बसवलं.

"ह्यो कोन?"

"महेशच्या तिकडचा राजा," मी कानाशी ओरडले.

"वाचतोय व्हय? सोताचं?"

"नाही. सरकार लिहून देतं. हा फक्त वाचतो."

"आन् ह्याला पटलं नाय तर?"

"तरी वाचतो."

"बिचारा." थोडा वेळ बघून म्हणाली, "आन् ऐकनाऱ्यांना ठाव हाय का, की ह्याचं नाय म्हनून?"

"सगळ्यांना ठाऊक आहे."

"मंग बरं हाय."

भाजीकडे वळली. मी मात्र तिथून हलले नाही. वीस वर्षं मी मुलांना सांगत आले की राजाचं भाषण हे राजाचं नसतं. ते खोटं का ठरत नाही, हे एकदाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून. आणि शब्द चुकले तर मंत्र्याची मान सापडते म्हणून. तुमच्याकडचं सरकार तर जूनमध्येच पडलंय असं वाचलं. राजा मात्र होता तिथे आहे. ही सोय असते डाव्या रकान्यात: कारभारी बदलता येतो आणि घर मोडत नाही.

आपल्या घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि मला काढू शकेल अशी संसद म्हणजे तू होतास. तुलाच मी बाहेर ठेवलं.

आता लिहिते. ऑक्टोबर २०१९. आप्पांना जाऊन आठ महिने झाले होते. तुझं पत्र आलं, फोन नाही, पत्र, आप्पांच्या नियमाप्रमाणे. 'आई, इथलं काम सोडून मी कायमचा यावं का? बाग मी बघेन. तू म्हणशील तसं.' मी ते आईच्या कानाशी दोनदा वाचलं. माझ्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद आहे. मी रोजनिशीत कधी खोटं लिहीत नाही. हे अभिमानाने सांगत नाही. खरं लिहायला माझ्याकडे जागा होती आणि तरीही, एवढंच त्यातून दिसतं. जशीच्या तशी उतरवते.

'११ ऑक्टोबर. आई म्हणाली, "ये म्हनावं. मांडव त्याच्या मापाचा हाय. मला ऐकू येत नाय, पन त्यो घरात चालला की मला जमिनीतनं कळतं. तसं बाकी कोनाचं कळत नाय." मग म्हणाली, "लिव्ह." कागदावर सही सकाळीच करून ठेवली होती.'

त्या सहीच्या वर मी लिहिलं: 'इकडे सर्व ठीक आहे. तुझी तिकडे घडी बसली आहे, ती मोडू नये. तू तिथेच स्थिर व्हावंस अशी माझी इच्छा आहे.'

'अशी माझी इच्छा आहे.' आईने आयुष्यात हे शब्द उच्चारले नाहीत. तुला ओळखू यायला हवं होतं, असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल. ते परत घेते. हा दोष तुझ्याकडे सरकवायचा नाही.

का लिहिलं? तेव्हा स्वतःला सांगितलं की तुझ्यासाठी. बागेत गारपीट, मजुरांची ओढाताण, तिकडे तुझी पक्की नोकरी. ते सगळं खरंही होतं. पण 'बाग मी बघेन' हे तुझे तीन शब्द मला नको होते, तेही खरं. तू आलास की मी कोण? काळजी किती आणि खुर्ची किती, हे वेगळं काढायचा प्रयत्न मी सहा वर्षं करते आहे. निघत नाही.

उजव्या रकान्यातली असते तर मला माझ्या नावाने लिहावं लागलं असतं: 'महेश, तू येऊ नयेस असं मला वाटतं. उज्वला.' तू चिडला असतास, भांडला असतास. बहुतेक आला असतास. आईच्या सहीशी तुला भांडता आलं नाही. तू पुढच्या रविवारी फोन केला नाहीस, त्याच्या पुढच्याही नाही. आईने विचारलं, "काय म्हनला?" मी म्हटलं, "बघू म्हणाला." हे दुसरं खोटं. ती दर छाटणीला विचारायची, "बघितलं का त्यानं?" गेली दोन वर्षं विचारत नाही.

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास माझा हात अजून मोबाईलकडे जातो. तुझ्या फोनची वेळ. 'ताई, तू मध्ये बोलू नको, मला आईचं तोंड बघू दे,' असं तू म्हणायचास. कोणी मला मध्ये बोलू नको म्हणणारं राहिलं नाही, महेश.

हे पत्र पाकिटात घातलं आणि परत काढलं. तुला आधी आणि तिला नंतर सांगायचं, म्हणजे पुन्हा तिला वगळून कारभार. आधी तिला सांगते. मग टाकेन.

ताई


५ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय महेश,

सांगितलं. त्याआधीचे सोळा दिवस मी नुसते घालवले.

ऐकू न येणाऱ्या माणसापुढे हळू आवाजात कबुली देता येत नाही, हे मला आधी सुचलंच नव्हतं. गुरुवारी दसऱ्याची सुट्टी होती. आई गॅलरीत गवार मोडत होती. मी तिच्या पायाशी बसून कानाशी म्हटलं, "आई, तेव्हा महेशला मी खोटं लिहिलं."

"काय लिव्हलं?"

"खोटं!"

"मोठ्यांदा बोल की गं. पुटपुटती काय?"

मी उठून उभी राहिले आणि ओरडले. समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. खाली कोणीतरी स्कूटर बंद केली. आईला तरी अर्धंच पोचलं. वाल्मीककाका धापा टाकत वर आले. "काय झालं, ताई? पडल्या का सिंधुबाई?"

दारातच त्यांना हळूच सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "मी सांगू का त्यांना? माझं ऐकू जातं."

खरं सांगते, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की पुन्हा तेच. माझे शब्द, दुसऱ्याचा आवाज. मी नको म्हटलं. एकेक वाक्य तोडून, घसा बसेपर्यंत, मीच ओरडले. त्याला ये असं तू म्हणालीस. मी येऊ नको असं लिहिलं. तो बघू म्हणालाच नाही. समोरची बाई आत निघून गेली. चांगली बाई असावी.

आईचे हात गवार मोडतच होते. मग तिने विचारलं, "सही माझी व्हती ना खाली?"

"हो. पण शब्द माझे होते."

"कोऱ्यावर सही कोनी केली? तू माझा हात धरला व्हता?"

"नाही."

"मंग माझं बी हाय त्यात."

मला शिक्षा हवी होती, महेश. पूर्ण, एकटीला. तिने ती वाटून घेतली आणि मला काय करावं ते कळेना. मंत्री राजाची चूक अंगावर घेतो असं मी शिकवते. उलटं कुठल्याच पुस्तकात नाही.

नंतर हातातल्या शेंगेकडे बघत ती एवढंच म्हणाली, "सा वर्सं मला वाटलं, मी त्याला नको. आन् त्याला तिकडं वाटलं आसंल, त्यो मला नको." त्यानंतर दोन दिवस ती माझ्यासमोर जेवली नाही. जेवण मी वाढलं की ताट उचलून गॅलरीत जायची.

काल सकाळी म्हणाली, "कागद आन." सवयीने मी कोरा कागद पुढे ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने पेन माझ्याकडे सरकवलं. "आधी लिव्ह. मंग वाल्मीकाला वाचाया सांग. मला पटलं तर सही."

तिने सांगितलं ते लिहिलं. काका येऊन बसले, चष्मा लावला आणि 'चला, पुढे सरका' म्हणायच्या आवाजात सबंध पत्र वाचलं. अख्ख्या इमारतीने ऐकलं असणार. एका जागी आई म्हणाली, "हे मी आसं नव्हते म्हनले." मी तिथे 'भेटायला' लिहिलं होतं, ती 'भांडाया' म्हणाली होती. मुद्दाम नाही केलं, शपथेवर सांगते. हात आपोआप नीटनेटकं करतो. खोडून तिचा शब्द घातला, तुला दिसेलच. मग सही. सात मिनिटं लागली.

टिपणवहीचं प्रकरण छापायला गेलं. तुलनेच्या तक्त्यात शेवटी मी एक ओळ वाढवली: 'शब्द कोणाचे, सही कोणाची, आणि हे कोणाकोणाला ठाऊक?' विभागप्रमुख म्हणाले, परीक्षेत हे विचारणार नाहीत. मी म्हटलं, राहू द्या.

अडवून धरलेलं सोळा सप्टेंबरचं पत्रही सोबत आहे. तू माझ्याशी बोलशील की नाही, ते मी विचारत नाही. पण तू यावंस असं मला वाटतं. हे माझं आहे, आईचं नाही. तिचं वेगळ्या कागदावर आहे.

उज्वला


नाशिक
४ आक्टूबर

चिरंजीव महेशला आईचा आशीर्वाद.

उजी लिव्हतीय. मी सांगल तसंच लिव्ह म्हनलंय. रडत लिव्हतीय, ते बी लिव्ह म्हनलं.

त्या सालाला तू इचारलं व्हतं, येऊ का. मी ये म्हनले व्हते. ते तुला पोचलं नाय. उजीनं वंगाळ केलं आन् मी न ऐकता सही केली. दोघींचं हाय. तिला येकटीला बोलू नको. बोलायचं तर मला बी बोल.

आन् तू बी काय रं? येकदा इचारलं आन् गप बसला. आई नको म्हनली तर पोरानं भांडाया यावं का नाय? आप्पा आसते तर इमान पकडून आला आसता भांडाया. माझ्याशी भांडाया काय झालं व्हतं?

तुझा राजा बघितला फोनात. चांगला दिसतो. दुसऱ्याचं वाचत व्हता. मी आता तसं करनार नाय.

गेणूच्या बागेतल्या बाया पाटावरून पडत्यात. मांडव खाली घ्यायचा का, आसं गेणू इचारत व्हता. मी म्हनले, थांब जरा.

तुझं तिकडं काम आसंल, मानसं आसत्याल. मी म्हनते म्हनून समदं मोडून येऊ नको. तुला जसं वाटंल तसं कर. पर त्याचं उत्तर कागदावर धाडू नको, मला वाचता येत नाय. फोनात बी नको, मला ऐकू येत नाय. नाय म्हनायचं आसंल, तर हितं ये आन् माझ्या कानाशी म्हन.

सिंधु